आडवी नाव, उभी नदी

सांगलीच्या माणसाला कृष्णेबद्दल काहीही विचारा, तो उत्तर फुटांत देतो. साताऱ्याचा माणूस टीएमसीत देतो. कऱ्हाडकर दोन्हींत देतो, कारण त्याला दोन नद्या सांभाळाव्या लागतात. "काय म्हणतीय नदी?" या प्रश्नाला "आयर्विन पुलाला एकोणतीस" हे जिथे संपूर्ण उत्तर समजलं जातं आणि विचारणारा "मग ठीक आहे" म्हणून निवांतपणे पुढचा चहा मागवतो, तिथे "आम्हाला नदीतून होडीनं पाच-सहा दिवस मजेत हिंडायचंय" असं कुणी म्हणालं, तर समोरचा आधी तुमच्याकडे, मग तुमच्या बायकोकडे आणि मग आभाळाकडे बघतो.

ही कल्पना इंग्लंडहून आली. माझा एक चुलतभाऊ तिकडे स्थायिक आहे. त्याने सहकुटुंब एक नॅरोबोट भाड्याने घेतली आणि तिकडच्या कालव्यांतून आठवडाभर फिरला. होडी रुंदीला सात फूट, लांबीला साठ. आत गॅस, संडास, अंथरुणं, खिडक्यांना पडदे. वेग ताशी चार मैल. त्याहून जोरात जायचं नाही, लाटांनी काठ ढासळतात म्हणे. म्हणजे आमच्या अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणारे पेन्शनर होडीला सहज मागे टाकतील. वाटेत पाण्याचे जिने लागतात, त्यांना लॉक म्हणतात. दोन दरवाजांमधल्या हौदात होडी घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी हळूहळू सोडायचं. पाण्याबरोबर होडी खाली उतरते, मग पुढचं दार उघडायचं आणि चालू लागायचं. कालव्यांवर तर ते आहेतच, पण एकट्या थेम्स नदीवरसुद्धा असे ४५ आहेत. ज्या माणसाने साताऱ्यात असताना स्वतःच्या घराचं फाटक कधी लावलं नाही, तो त्या लॉकचा दांडा पाठीने ढकलताना फोटोत दिसत होता.

फोटोंखाली त्याने लिहिलं होतं, "दारात एवढी कृष्णा आहे. तुम्ही लोक करता काय तिचं?"

"नमस्कार," आमच्या हिने उत्तर पाठवलं.

पण घरातल्या पुरुषमंडळींना ते लागलं. रविवारी बैठक बसली. सांगलीहून मेहुणे आले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला, आणि तो एका जिल्ह्याचा असल्यामुळे नदी कऱ्हाडच्या पुढे भिंतीवरच संपली. मग सांगली जिल्ह्याचा नकाशा शोधून खाली डकवला. दोन्हींचं प्रमाण वेगळं असल्याने शेणोलीच्या आसपास कृष्णा एकदम दुप्पट रुंद झाली. मेहुण्यांनी त्याकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, नकाशा बरोबर आहे. आमच्याकडं असंच असतं."

महाबळेश्वरला उगम, मग धोम, वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर, नरसोबाची वाडी आणि पुढे कर्नाटक. महाराष्ट्रात कृष्णा २८२ किलोमीटर. ताशी चार मैलांनी चव्वेचाळीस तास, असं पुतण्याने मांडलं. दिवसाला आठ तास धरले तर साडेपाच दिवस. हा हिशोब इतका स्वच्छ निघाला की तिथेच संशय यायला हवा होता, पण बैठकीचं लक्ष तोवर मुक्कामांकडे गेलं होतं.

कृष्णाकाठ हा असा प्रदेश आहे की त्यात कुठेही खडा टाकला तर तो कुणाच्या तरी सासुरवाडीच्या पत्र्यावर पडतो. वाईला आत्या, कऱ्हाडला साडू, बोरगावला हिची मावसबहीण, भिलवडीला मेहुण्यांचे व्याही, सांगलीत खुद्द मेहुणे. प्रत्येकाला फोन गेला. प्रत्येकाने होडीबद्दल एक अक्षर न विचारता "जेवायला किती माणसं?" एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत प्रवासाचा सगळा भरीव भाग ठरला. कऱ्हाडला तांबडा रस्सा. बोरगावला काठावरच्या वांग्याचं भरीत, भाकरी आणि दही. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती मोठी, त्यामुळे बोरगावचे मुक्काम एकाचे दोन झाले. शेवटी वाडीला दत्ताचं दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. मधुमेह असलेल्यांनी बासुंदीच्या दिवशी वल्हवायचं, म्हणजे जमाखर्च जुळेल, असाही ठराव झाला. राहिली होती ती फक्त होडी. ती म्हणजे काय, घाटावर गेलं की मिळेल.

म्हणून घाटावर गेलो.

सुरुवात वाईपासून केली, कारण आत्या जवळ आणि मेणवली रस्त्यावर. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यापुढे सुरेख घाट, घाटाशी वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा. सगळं पाहून झालं. पाणी मात्र गुडघ्याला. धोमचं आवर्तन सुटलं की नदी, नाहीतर नुसती ओल, असं तिथल्या एका गृहस्थांनी सांगितलं. वाईत १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोहों बाजूंनी फाकावं म्हणून. पुतण्याने ती भिंत हाताने चाचपून पाहिली आणि अभिप्राय दिला की वाईत पाण्यात टिकेल असा आकार दिलेली वस्तू ही एवढीच दिसते, आणि ती दगडाची आहे.

मग माहुली पाहिली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहिला. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. तिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, भेळ आहे. भेळवाल्याने पाण्याबद्दल बोलायला नकार दिला. "पाऊस पडला की या, मग बोलू," एवढंच म्हणाला. शेवटी खाली वाळवा तालुक्यातल्या एका घाटावर खरीखुरी नाव दिसली आणि नावाडीही. नाव पाण्यात, नावाडी पिंपळाखाली. संशोधनातली सगळ्यात मोलाची मुलाखत ही.

"नाव मिळेल का?"

"मिळंल की. पलीकडं कुणाकडं?"

"पलीकडे नाही. खाली जायचंय."

"खाली तर पायऱ्यांनी उतरा. जपून, शेवाळ हाय."

"तसं नव्हे हो. नदीतून खाली. सांगलीपर्यंत."

त्याने तंबाखू मळायची थांबवली. "सांगलीला? आवो, एष्टी हाय की."

"एसटीनं नाही जायचं. नदीतनं, असं उभं." मेहुण्यांनी हाताने प्रवाहाच्या दिशेने रेघ ओढून दाखवली.

तो त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उभं कोण जातंय?"

मला वाटतं, कृष्णेवरच्या सगळ्या संशोधनाचं सार या तीन शब्दांत आलं. आमच्याकडे नदी आडवी आहे. अलीकडचा काठ, पलीकडचा काठ आणि मधे जे पाणी असतं ती नदी. पलीकडे रान असतं, शाळा असते, बाजार असतो, बहीण दिलेली असते. नाव त्यासाठी. शेळी नावेतून जाते, सायकल जाते, मोटारसायकल आडवी झोपवून जाते, वऱ्हाड जातं. पूल झाले तशा बऱ्याच नावा काठावर पालथ्या पडल्या. गुरुचरित्रातली औदुंबरची कथासुद्धा आडवीच आहे. मंदबुद्धी मुलगा भिलवडीकडच्या काठावर भुवनेश्वरीला साकडं घालतो आणि देवी त्याला नदी ओलांडून पश्चिम तीरावर औदुंबराखाली पाठवते. साक्षात देवीनेही कुणाला उभं पाठवलेलं नाही. काठावरच्या माणसाला आपल्या गावापुरती नदीची रुंदी, खोली, डोह, खडक, कुठल्या सालच्या पुरात कुठल्या पायरीला पाणी लागलं, सगळं तोंडपाठ. पण पुढच्या वळणापलीकडची नदी त्याच्या लेखी परमुलूख.

कृष्णेतून उभा प्रवास नियमाने करणारे तिघेच आढळले: जलपर्णी, मळी आणि मगर. या तिघांबद्दल काठावर कमालीचं एकमत आहे. ते कायम वरच्या गावाहून आलेले असतात. जलपर्णी वरच्या गावच्या सांडपाण्यावर पोसलेली. मळी वरून कुठूनतरी आलेली. तिने मासे मेल्याच्या बातम्या येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, आणि नमुने तपासून होईतो पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला पोचलेलं असतं. मगरीचंही तसंच.

मगरींविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इंग्लंडच्या कालव्यांत बदकं असतात आणि चुलतभावाने बदकांना पाव घालतानाचे फोटो पाठवले होते. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत ही काही गुप्त गोष्ट नाही. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगली, हरिपूरपर्यंत त्या सतत दिसतात. हिवाळ्यात सकाळी उन्हाला येऊन गाळावर पसरतात, तोंड उघडं टाकून, चांगला नाश्ता झालेल्या माणसासारख्या. आम्ही काठाकाठाने विचारत गेलो.

"इथे मगरी आहेत का?"

"न्हाई, आमच्यात न्हाई. त्या खालतीकडं."

खालतीकडे गेलो. "हितं? छ्या! त्या वरल्या अंगाला."

वरच्या आणि खालच्या गावांच्या मधोमध एक म्हातारबा गुरं पाण्यावर घेऊन आले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हायत की. पर आपल्या न्हाईत, पाव्हण्या हायत." समोरच्या काठावर काहीतरी लांबट पडलेलं होतं. मेहुणे म्हणाले ओंडका. पुतण्या म्हणाला ओंडका. ओंडक्याने शेपूट उचललं आणि अजिबात घाई न करता पाण्यात सरकला. आमची ही, जी आतापर्यंत मोटारीतून उतरली नव्हती, तिने काच वर केली. मग पुतण्याने गणित मांडलं की चांगली साठ फुटांची होडी असेल तर मगरीचं काहीच चालत नाही. साठ फुटांची होडी कुठे मिळेल हे मात्र गणितात नव्हतं.

तरीही मगरीने आमचा बेत मोडला नाही. तो मोडला बंधाऱ्यांनी. कऱ्हाडच्या वरच्या अंगाला खोडशीचा बंधारा, इंग्रजांच्या काळातला, कृष्णा कालवा निघतो तो. कऱ्हाड ओलांडलं की टेंभू, मग बहे-बोरगाव, साटपेवाडी, नागठाणे, डिग्रज, सांगली, पुढे म्हैसाळ, राजापूर. यांतल्या कुठल्याही बंधाऱ्यात होडीसाठी दार ठेवलेलं नाही. इंग्रजांनी थेम्सवर पाण्याचे जिने बांधले; खोडशीला मात्र नुसती आडवी भिंत घालून ते मोकळे झाले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? इथे होडी घेऊन उभं जाणारं त्यांना कुणी भेटलंच नसेल.

आपल्याकडचा कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा जवळून पाहण्यासारखा असतो. नदीत ओळीने दगडी खांब. खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे घालतात. पूर्वी लाकडाच्या फळ्या, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी आणि मधल्या पोकळीत माती ठासायची, की पाणी अडलं. तरी कुठूनतरी बारीक धारा सुटतातच, आणि त्या धारांखाली पोरं पोहतात, बाया धुणं धुतात, नव्या मोटारसायकली पहिल्या आंघोळीला येतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून काठावर रचून ठेवतात. खांबांवरून जायला चिंचोळा रस्ता असतो. त्याला कठडा नसतो, पण समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर जरूर येतो. पाणी अडवायचं आणि माणूस पलीकडे न्यायचा, ही दोन्ही कामं त्या एका बांधकामात बसवलेली आहेत. अक्कल आहे. तिसऱ्या कामाचा विचार झालेला नाही, एवढंच.

म्हणजे ऑक्टोबर ते मे नदी शांत, निळी, होडीला अगदी योग्य, पण बरगे घातल्यामुळे दर काही कोसांवर बंद. जून ते सप्टेंबर बरगे काढल्यामुळे नदी वरपासून खालपर्यंत मोकळी, पण त्या दिवसांत तिच्यात उतरायचं तर आधी विम्याची कागदपत्रं बायकोच्या हाती द्यावी लागतात. वर्षाचे बारा महिने असे वाटून टाकलेले आहेत की प्रवाशाच्या वाट्याला एकही येऊ नये. बंधारा आला की होडी डोक्यावर घेऊन काठाने पलीकडे न्यायची, असं पुतण्याने सुचवलं. मेहुण्यांनी त्याला सांगितलं, "बाळा, काठानं उसाचं रान असतंय. तू होडी घेऊन आत शिरलास तर थेट तोडणी आल्यावर सापडशील."

बह्याला नदीच्या मधोमध बेट आहे, त्यावर रामलिंगाचं देऊळ, आणि समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती. पूजेत बसलेल्या रामावर पूर चालून आला तेव्हा मारुतीने बाहू पसरून नदी दुभंगली, अशी तिथली कथा. कृष्णेवरचा पहिला बंधारा हाच म्हणायचा. त्यातही होडीसाठी दार नव्हतं, पण निदान पाण्याला दोन्हीकडून वाट होती. तिथल्या मारुतीला नारळ फोडला. बेट पाहून आल्यावर बोरगावला भरीत मात्र ठरल्याप्रमाणे झालं. या सबंध योजनेतला वेळापत्रकाबरहुकूम पार पडलेला टप्पा हाच.

परवानगीचीही चौकशी केली. नदीतून जायला कुणाची परवानगी लागते, हा प्रश्न एका कार्यालयात विचारला. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून तिसऱ्या. तिसरीकडच्या साहेबांनी आस्थेने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "प्रयोजन?"

"हिंडायला."

"वाळू?"

"नाही."

"मासेमारी? गाळ? उपसा? मोटर बसवायचीय?"

"काहीच नाही. नुसतं जायचंय."

"नुसतं?" साहेबांनी फायली चाळल्या. नदीतून काढून न्यायच्या प्रत्येक वस्तूसाठी त्यांच्याकडे नमुना होता. नदीतून नुसतं जाण्यासाठी नव्हता. शेवटी ते मोठ्या मनाने म्हणाले, "तुम्ही असं करा, काहीतरी काढायचं ठरवून या. मग बघू."

केंद्र सरकारकडे मात्र उत्तर आहे. २०१६ साली कायदा करून देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, आणि त्यात कृष्णा आहे. पुतण्याने हे शोधून काढलं तेव्हा घरात पेढे निघायचे बाकी होते. मग त्याने पुढची ओळ वाचली. कृष्णेतला जलमार्ग सुरू होतो बागलकोट जिल्ह्यात, गलगलीला. वाई नाही, कऱ्हाड नाही, सांगली नाही. मेहुणे ताडकन उठले. "बघितलंत दाजी? पाणी आमचं, पूर आमचा, अन् होडी त्यांची!" त्यानंतरचा अर्धा तास अलमट्टीच्या उंचीत गेला. ५१९ मीटर की ५२४ मीटर, हा विषय सांगलीच्या माणसासमोर निघाला की तो आवरता येत नाही. आवरूही नये.

होड्यांची गोष्ट अशी की सांगलीत होड्या आहेत, आणि उत्तम आहेत. पावसाळ्यात पाणी चढलं की कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. लांब, निमुळत्या होड्या, दोहों बाजूंना वल्ही घेतलेली पोरं, काठांवर आणि पुलावर तोबा गर्दी, आरडाओरडा. ते पाहून अंगावर काटा येतो. पण त्या होडीत गॅस, संडास आणि पडदे कुठे बसवायचे? शिवाय ती पोरं ज्या वेगाने जातात त्या वेगाने बोरगावचं भरीत हुकलं असतं. दुसरा पर्याय काहिलीचा. उसाचा रस आटवायची गुऱ्हाळावरची लोखंडी काहील पाण्यात सोडायची आणि आत बसून पलीकडे जायचं, हा इकडचा जुना उद्योग. काहील बुडत नाही, फक्त गोल फिरते. त्यामुळे पोचेपर्यंत माणसाला अलीकडचा काठ कुठला आणि पलीकडचा कुठला हे कळेनासं होतं. आमच्या हिने दोन्ही पर्याय एका वाक्यात निकालात काढले: "मी काहिलीत बसायला काय काकवी आहे?"

सांगलीत होडीची चेष्टा एका मर्यादेपलीकडे चालत नाही, हेही तिथे बसल्यावर कळतं. आयर्विन पूल १९२९ चा. तिथे पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. भर बाजारपेठेत होड्या फिरल्या. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि माणसं गेली. मेहुण्यांच्या आईंनी आमचा सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "होडीत बसून दूध आणायला गेलेय मी आमच्याच गल्लीत. तुम्ही हौसेनं बसताय होय?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मग त्यांनीच विषय बदलून पोह्यांना वरून शेव घातली.

या सुमारास साताऱ्याच्या बाजूने दुसरा प्रस्ताव पुढे आला. एवढी उठाठेव कशाला? बामणोलीला चला, तापोळ्याला चला. कोयनेच्या शिवसागर जलाशयात वाटेल तेवढं बोटिंग. होड्या आहेत, जॅकेट आहेत, तराफ्यावरून जीपगाड्या पलीकडे जातात, वनखात्याची परवानगी काढून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत पाण्यातून जाता येतं. मगरींचा प्रश्न नाही. आणि उभं, आडवं, तिरकं, कसंही जा.

सांगलीने हा प्रस्ताव फेटाळला. "ते धरण झालं, दाजी. नदी न्हवं."

"कोयना नदीचंच पाणी आहे ते."

"अडवलेलं हाय. नदी म्हणजे वाहती पाहिजे."

"वाहती सोडली की तुम्हीच ओरडता!"

इथे जुनी जखम उघडली. दर पावसाळ्यात सांगलीचे सगळे नातेवाईक साताऱ्याच्या नातेवाइकांना फोन करून विचारतात, "कोयनेतनं किती सोडलं?" कोयनेचे सहा दरवाजे जणू आमच्या परसात आहेत आणि त्यांची किल्ली फडताळात आहे. धरण १०५ टीएमसीचं. ते भरत आलं की साताऱ्यात लोक सहकुटुंब बघायला जातात आणि सांगलीत लोक कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करतात. एकाच पाण्याकडे बघायचे हे दोन स्वभाव एका होडीत बसवायचे होते.

तरीही आम्ही साताऱ्याचे चौघे बामणोलीला जाऊन आलो, तुलनात्मक अभ्यास म्हणून. कासवरून खाली उतरताना जलाशय दिसतो तो थेट कॅलेंडरवरचा. होडीवाला तिथलाच, पन्नाशीचा. त्याला कौतुकाने विचारलं की तुम्हाला पाण्याखालचे खडक कसे कळतात? तो म्हणाला, "खडक न्हवं, ती आमच्या आज्याची ताल हाय. हितनं डावीकडं वाट जायची." त्याने सुकाणू वळवून खरंच ती वाट धरली, पाणी केवढंतरी खोल असताना. वाड्या उठल्या, धरण झालं, आता त्याच वाटेने तो पर्यटक नेतो. उभं जाणारा नावाडी आम्हाला भेटला तो हा एकटा. पण त्याच्यासाठी ते नदीतून जाणं नव्हतं, गावातून जाणं होतं. सांगलीकरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? आम्ही काय सांगत हुतो? ती नदी न्हवंच."

शेवटी तडजोड झाली. दोन्ही जिल्ह्यांना मान्य, पंचांगाला मान्य, साखरेच्या रिपोर्टला मान्य. एका रविवारी औदुंबरला जायचं, दत्ताचं दर्शन घ्यायचं, नावेतून पलीकडे भुवनेश्वरीला जायचं, भिलवडीला व्याह्यांकडे जेवायचं आणि मोटारीने परत. आडवं तर आडवं. सगळे मिळून अकरा जण जमलो. इंग्लंडला दाखवायला पुतण्याने व्हिडिओ सुरू केला. नावेत बसून सगळे "मगर कुठंय, मगर कुठंय" करत असताना नाव मध्यावर आली, आणि मेहुण्यांना राहवेना.

"मामा," ते नावाड्याला म्हणाले, "जरा उभी घ्या की."

"आँ?"

"उभी. खाली सांगलीच्या अंगानं. थोडी."

नावाड्याने एकदा सगळ्यांची तोंडं पाहिली. देवाला आलेली माणसं आहेत, ऐकावं, असं त्याला वाटलं असावं. वल्हं टेकवून त्याने नाव वळवली आणि आम्ही अखिल कृष्णाकाठच्या साक्षीने उभे निघालो. डावीकडून उसाचं रान सरकलं, एक जॅकवेल सरकली, उपशाचे पाइप सरकले, पाण्यावर वाकलेलं करंजाचं झाड आलं आणि गेलं. आमची ही स्वतःहून म्हणाली की बरं वाटतंय. तेवढ्यात नावाड्याने वल्हं आडवं धरलं.

"का हो, थांबलात?"

"हितनं फुडं आमची हद्द न्हाई. ते फुडल्या गावचं पाणी."

बरीच मनधरणी केली, पण तो ऐकेना. उलटा फिरला आणि काठाला लावली नाव. उतरताना भाड्याचा प्रश्न निघाला. पलीकडे न्यायचं माणशी भाडं ठरलेलं होतं, ते मेहुण्यांनी मोजून दिलं. नावाडी पैसे हातात धरून उभाच.

"हे आडव्याचं झालं," तो म्हणाला. "उभ्याचं?"

"उभ्याचं किती?"

"ते मला काय ठावं? आजवर कुणी गेलंच न्हाई. तुमीच सांगा काय चालतंय ते."

मेहुणे विचारात पडले. दर जास्त सांगितला तर उद्यापासून तोच पडणार, कमी सांगितला तर सांगलीची अब्रू. त्यांनी पुतण्याकडून फोन घेतला, चुलतभावाचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. भिलवडीच्या काठावर दुपारचे बारा वाजून गेले होते, तिकडे रविवारची भली सकाळ होती.

"हॅलो, मी सांगलीहून बोलतोय. झोपेत होता का? बरं, ते असू द्या. तुमच्याकडं उभ्याला काय घेतात?"